‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’ : देह, पुरावा आणि निवाडा

१

उली एडेल या जर्मन दिग्दर्शकाचा ‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’ हा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेथील समीक्षकांनी त्याची जवळजवळ एकमुखाने टवाळी केली. नायिकेच्या भूमिकेतील मॅडोना हिला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा ‘रॅझी’ हा उपहासात्मक पुरस्कार मिळाला. तेव्हापासून या चित्रपटाचा उल्लेख बहुधा हास्यविषय म्हणूनच होत आला आहे. एखादी कलाकृती हास्यास्पद ठरली की तिच्या अपयशाचे स्वरूप तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासणी करायची आहे. चित्रपटाला निर्दोष ठरवणे हा तिचा हेतू नाही. हा चित्रपट फसलेला आहेच. परंतु तो ज्या जागी फसतो ती जागा, न्यायालय आणि कामभावना यांना एकत्र आणणाऱ्या सबंध कथाप्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट बाजूला ठेवली पाहिजे. कामविषयक चित्रणाचा प्रश्न आला की आपली चर्चा सवयीने श्लील-अश्लीलतेकडे वळते. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ती कथा अश्लील नसल्याचा निर्णय झाला. या निकालानंतरही ती सवय फारशी सुटलेली नाही. ‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’लाही अमेरिकेतील प्रमाणन व्यवस्थेला सामोरे जावे लागले, काही दृश्ये कापल्यावरच तो चित्रपटगृहांत सर्वत्र दाखवता येईल अशा वर्गात बसला आणि न कापलेली आवृत्ती पुढे व्हिडिओ कॅसेटवर आली. मात्र या चित्रपटात किती उघडे दाखवले आहे, हा आपला प्रश्न नाही. जे दाखवले आहे ते कशाचा पुरावा म्हणून दाखवले आहे, हा आपला प्रश्न आहे. चित्रपटाच्या शीर्षकानेच तो उपस्थित केला आहे. इंग्रजीत या शब्दसमूहाचा रूढ अर्थ ‘एकूण पुराव्याचा साठा’ असा. येथे त्यातील ‘बॉडी’ या शब्दावर श्लेष करून देहालाच पुरावा केले आहे.

२

कथानक ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात घडते. अँड्र्यू मार्श हा वृद्ध, श्रीमंत आणि हृदयविकाराने ग्रस्त गृहस्थ शय्येवर मृतावस्थेत आढळतो. समोरच्या दूरचित्रवाणी संचावर त्याच्या आणि रिबेका कार्लसन या त्याच्या प्रेयसीच्या संभोगाची घरीच केलेली चित्रफीत चालू आहे. मृत्युपत्रान्वये रिबेकाला ८० लाख डॉलर मिळणार आहेत. मृताच्या शरीरात कोकेन सापडते. कोकेन नाकाच्या स्प्रेमधून त्याच्या नकळत देण्यात आले आणि मग अतिरेकी कामक्रीडेने त्याचे दुबळे हृदय बंद पाडण्यात आले, असा अभियोग सरकारी वकील रॉबर्ट गॅरेट उभा करतो. बचावाचा वकील फ्रँक डुलानी विवाहित आहे. खटला चालू असतानाच तो अशिलाशी शरीरसंबंध ठेवतो आणि तोही तिच्या अटींवर, वेदना आणि सुख यांची सरमिसळ करणारा. रिबेका निर्दोष सुटते. सुटल्यावर ती आपणच दोषी असल्याचे डुलानीला सूचित करते. सरकारी पक्षाचा साक्षीदार असलेला डॉ. पेली हा प्रत्यक्षात तिचा साथीदार होता, हे शेवटी उघड होते. त्याच्याच गोळ्यांनी जखमी होऊन ती खिडकीतून खाली पाण्यात कोसळते आणि मरते.

चित्रपटाच्या जमेच्या बाजू प्रथम नोंदवल्या पाहिजेत. ‘फुल मेटल जॅकेट’चे छायाचित्रण करणाऱ्या डग्लस मिलसम यांनी पोर्टलंडचा पाऊस, नदी आणि करडा उजेड यांचा चांगला उपयोग केला आहे, बाहेरचे ओलसर, धूसर जग आणि आतले मेणबत्त्यांचे पिवळे जग यांतील विरोध संवादांच्या मदतीवाचून उभा राहतो. गॅरेटच्या भूमिकेत ज्यो मॅन्टेन्या यांनी नीतिमत्तेचा आव आणि धंद्याचे कसब यांचे मिश्रण नेमके पकडले आहे. मार्शची सेक्रेटरी जोअ‍ॅन ब्रॅझलो ही ॲन आर्चर यांनी साकारली आहे. मालकावर अबोल प्रेम करणारी आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर स्वतःच आरोपी ठरू लागणारी ही स्त्री लक्षात राहते. फ्रँक लँजेला यांचा जेफ्री रॉस्टन थोडाच वेळ पडद्यावर आहे. पण त्याची साक्ष हा न्यायालयीन भागाचा उत्कर्षबिंदू होय. उलटतपासण्यांची रचनाही कसबी आहे. प्रत्येक साक्षीदार काही सिद्ध करण्यासाठी उभा राहतो आणि स्वतःची एखादी गुप्त वासना उघड करून खाली उतरतो. या खटल्यात तटस्थ कोणीच नाही. सगळेच कोणा ना कोणाच्या इच्छेत गुंतलेले आहेत. ही कल्पना निश्चितच समर्थ आहे. तिच्या आधारे वेगळा चित्रपट होऊ शकला असता.

३

तो का झाला नाही, याचे पहिले उत्तर खटल्याच्या तर्कातच आहे. गॅरेट ज्यूरीसमोर प्रारंभीच सांगतो, की या स्त्रीचा देह हेच खुनाचे हत्यार आहे. विधान खळबळजनक आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने गॅरेटला सिद्ध काय करायचे आहे? मार्शच्या नकळत त्याला कोकेन दिले गेले, ते रिबेकाने दिले, आणि तसे करण्यात त्याला मारण्याचा तिचा हेतू होता. एवढे सिद्ध झाले तर देहाची आवश्यकता उरत नाही. तो विषप्रयोगाचा साधा खटला होतो. एवढे सिद्ध झाले नाही तर उरतो तो दोन प्रौढांचा संमतीने झालेला संबंध, आणि एकाच्या हृदयाला तो सोसला नाही म्हणून दुसऱ्यावर खुनाचा आरोप टिकणे दुरापास्त आहे. म्हणजे कोकेन असेल तर देह अनावश्यक आणि कोकेन नसेल तर देह अपुरा. पटकथाकार ब्रॅड मर्मन यांना हा पेच जाणवला असावा, कारण त्यांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या. त्यामुळे कायद्याचा पुरावा एका दिशेने जातो आणि चित्रपटाचे शीर्षक, जाहिरात व कॅमेरा दुसऱ्या दिशेने.

यातून चित्रपटात दोन खटले निर्माण होतात. एक चालतो न्यायालयात. त्याचा विषय आहे एक औषधी स्प्रे आणि एक मृत्युपत्र. दुसरा चालतो पडद्यावर. त्याचा विषय आहे रिबेकाच्या सुखाची रीत. तिला मेण, बेड्या, काच आवडते. म्हणून ती खून करू शकते, असे अनुमान हा दुसरा खटला सतत पेरत राहतो. असल्या अनुमानाविषयी साक्षीपुराव्याचा आधुनिक कायदा मुळात सावध असतो. आरोपीचे चारित्र्य वाईट आहे, म्हणून त्याने हा गुन्हा केला असावा, असा युक्तिवाद अँग्लो-अमेरिकन परंपरेत सामान्यतः करता येत नाही. पूर्वीची कृत्ये योजना किंवा हेतू दाखवण्यापुरतीच पुढे आणता येतात. रॉस्टनची साक्ष नेमकी या सीमारेषेवर उभी आहे. तोही श्रीमंत, तोही हृदयविकारी, त्यालाही रिबेकाने असेच वागवले आणि त्याचे हृदय शस्त्रक्रियेने बरे झाल्यावर ती निघून गेली. ही योजना म्हणायची की केवळ आवड? या प्रश्नातच खरे नाट्य होते. चित्रपट तो सोडवण्याऐवजी बगल देतो. रॉस्टनला आपण दुसऱ्या पुरुषासोबत पाहिले, असे रिबेका साक्षीत सांगते, आणि एका अप्रिय लैंगिकतेचा पुरावा दुसऱ्या अप्रिय मानल्या गेलेल्या लैंगिकतेने खोडला जातो. ज्यूरीला आता फक्त कोणाची शरम अधिक मोठी, एवढेच ठरवायचे उरते.

चारित्र्य हाच पुरावा, ही वृत्ती आपल्यालाही परकी नाही. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ असल्याचे दाखवून तिच्या साक्षीवरील विश्वास डळमळीत करण्याची मुभा भारतीय साक्षीपुरावा अधिनियमाच्या कलम १५५च्या चौथ्या पोटकलमात होती. १८७२ पासून चालत आलेले हे पोटकलम २००२ च्या दुरुस्ती कायद्याने वगळण्यात आले. तेथे स्त्री फिर्यादी आहे, येथे आरोपी. परंतु तिच्या शय्येवरून तिच्या शब्दाची किंमत ठरवण्याची रीत तीच. म्हणूनच हा चित्रपट केवळ परदेशी करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

४

दुसरे उत्तर रूपबंधाचे आहे. न्यायालय आणि शय्यागृह ही दोन स्थळे या कथाप्रकारात परस्परांना अर्थ देण्यासाठी असतात. रिचर्ड मार्क्वँड यांच्या ‘जॅग्ड एज’ (१९८५) या चित्रपटात हे नीट साधले आहे. तेथे टेडी बार्न्स ही वकील स्त्री पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या जॅक फॉरेस्टरचा बचाव करते आणि त्याच्यावर प्रेमही करू लागते. तिच्या प्रेमाचे चढउतार तिच्या युक्तिवादात उतरतात. त्याच्याविषयी संशय आला की तिला खटला सोडावासा वाटतो, विश्वास बसला की ती त्वेषाने लढते. शेवटी एका टंकलेखनयंत्राचे ओळीपेक्षा वर उठणारे ‘टी’ हे अक्षर तिला त्याच्या घरात सापडते, तेव्हा कायद्याचा पुरावा आणि प्रेमाचा पुरावा एकाच क्षणी, एकाच वस्तूत एकवटतात. ती वस्तू देहाशी निगडित नाही, हेही लक्षणीय आहे.

‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’मध्ये असा व्यवहार होत नाही. डुलानी रात्री रिबेकाकडे जातो, सकाळी न्यायालयात येतो. रात्रीच्या अनुभवाने त्याचा एकही प्रश्न बदलत नाही. आपल्या छातीवर ओतलेले मेण त्याला मार्शच्या मृत्यूविषयी काय शिकवते? ज्या सुखाचा तो ज्यूरीसमोर निर्दोष म्हणून बचाव करतो, त्याची भीती त्याला स्वतःला वाटते का? वाटत असेल तर बचावाच्या भाषणात ती कोठे डोकावते? विलेम डफो यांचा चेहरा या प्रश्नांसाठी घडवल्यासारखा आहे. संहिता त्या चेहऱ्याला बोलू देत नाही. वाहनतळावरील फुटक्या काचांचा प्रसंग असो की मेणबत्तीचा, ही दृश्ये कथेत विश्रांतीसारखी येतात. खटला थांबतो, देह दिसतात, खटला पुन्हा सुरू होतो. पुराव्यावरच्या चित्रपटात सर्वाधिक चर्चिली गेलेली दृश्ये कशाचाच पुरावा नसावीत, हा त्यातील खरा दोष होय. तो शृंगाराच्या अतिरेकाचा दोष नाही. शृंगाराला कथेत काम न दिल्याचा दोष आहे.

एका प्रसंगी ही उणीव गंभीर होते. पत्नीला संबंध कळल्यावर डुलानी संतापून रिबेकाकडे जातो आणि झटापटीतून संभोग घडतो. नकारापासून सुरू होणारी कृती संमतीवर कशी येऊन पोचली, याची उत्सुकता कॅमेऱ्याला नाही. ज्या खटल्याचा गाभाच दोन व्यक्तींमधील संमती हा आहे, त्याच्या वकिलाकडून हे घडते आणि चित्रपट त्यावर एकही प्रश्न विचारत नाही. स्त्रीदेह हा पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेसाठी मांडला जातो, हे लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते. येथे त्या नजरेला न्यायाधीशाचा अधिकारही मिळतो. न्यायालयपटात प्रेक्षक हा ज्यूरीच्या जागी बसवलेला असतो, हे कॅरल क्लोव्हर यांचे निरीक्षण त्याला जोडून घेतले की या चित्रपटाची यंत्रणा उघड होते. पडद्यावरच्या ज्यूरीला जे कधीच दिसत नाही ते आपल्याला दाखवले जाते, आणि आपला निवाडा त्यावरून होतो.

हे अटळ नव्हते. ऑटो प्रेमिंजर यांच्या ‘अ‍ॅनॅटमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) मध्ये एकही शृंगारदृश्य नाही. तरी एका स्त्रीचे कपडे, तिचे हसणे, केस मोकळे सोडणे यांचा न्यायालयात पुरावा कसा होतो आणि वकील तिला चष्मा लावायला सांगून तो पुरावा कसा घडवतो, हे त्यात दिसते. नेमके काय घडले ते आपल्याला अखेरपर्यंत निश्चित कळत नाही, आणि या अनिश्चिततेतच त्या चित्रपटाची प्रौढता आहे.

५

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटाचा आहे. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर त्याच आरोपासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, हे अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीतील तत्त्व या कथाप्रकाराचे गुप्त चालकयंत्र आहे. सुटका झाल्यावर आरोपी दोषी असल्याचे उघड झाले, तर कायदा हतबल असतो; शिक्षा कथानकालाच द्यावी लागते. बिली वाइल्डर यांच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ (१९५७) मध्ये सुटलेल्या व्होलला ज्या स्त्रीने वाचवले तीच भोसकते. ‘जॅग्ड एज’मध्ये वकील गोळी झाडते. रिबेकाचा मृत्यू याच परंपरेतला. मात्र आधीच्या दोन चित्रपटांत फसवणारा पुरुष आहे आणि फसवली गेलेली स्त्री त्याचा शेवट करते. येथे मारली जाते ती स्त्री, आणि तिच्या मृत्यूने सरकारी वकिलाचे पहिले विधान खरे ठरते. असा देह, अशी आवड असलेली स्त्री खुनीच असणार, हे गॅरेटचे अनुमान ज्यूरीने नाकारले होते. चित्रपट ज्यूरीचा निकाल फिरवतो.

अशा फेरनिवाड्याला पूर्वोदाहरण होते. ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ (१९८७) चा मूळ शेवट नायिकेच्या आत्महत्येचा होता. चाचणी-खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून नव्याने चित्रण करून तिला नायकाच्या पत्नीकडून मारवण्यात आले. ती पत्नी ॲन आर्चर यांनीच केली होती. म्हणजे या कथाप्रकारात शेवटची ज्यूरी तिकीट काढून आलेली असते. मॅडोनाच्या बाबतीत तिच्यासमोर आणखी एक पुरावा होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिचे ‘सेक्स’ हे छायाचित्रांचे पुस्तक आणि ‘इरॉटिका’ हा गीतसंग्रह आला होता. तीन महिन्यांनी आलेल्या चित्रपटात रिबेका कोण आहे हे पाहण्याची इच्छा फार थोड्यांना उरली होती. मॅडोनाचा अभिनय दुबळा आहे, हे मान्यच केले पाहिजे. संवाद म्हणताना ती भूमिकेच्या बाहेर उभी असते. रिबेकाला भूतकाळ आहे, भय आहे, असे क्वचितच जाणवते. परंतु टीकेचा बराच भाग अभिनयावर नव्हता, स्त्रीवर होता. चित्रपटाने रिबेकाचे जे केले तेच समीक्षेने मॅडोनाचे केले.

येथे मराठी वाचकाला विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची (१९६७) आठवण होणे स्वाभाविक आहे. लीला बेणारे हिच्यावरचा खटला खोटा, खेळातला; आरोप भ्रूणहत्येचा; आणि चर्चा तिच्या खाजगी आयुष्याची. तेथेही साक्षीदार एकामागून एक येतात आणि स्वतःच उघडे पडतात. पण निवाड्याची दिशा नेमकी उलटी आहे. तेथील ‘न्यायालय’ बेणारेला दोषी ठरवते आणि नाटक त्या न्यायालयाला. तिचे दीर्घ स्वगत भोवतालच्यांपैकी कोणालाच ऐकू येत नाही. ऐकू येते ते फक्त प्रेक्षकाला, आणि ते ऐकल्यावर त्याला साक्षीदारांच्या रांगेत सुखाने बसता येत नाही. रिबेकाला न्यायालय सोडते आणि संहिता देहदंड देते. तिला स्वगत नाही. पिंजऱ्यातही ती बोलते ते बचावापुरते आणि शेवटी बोलते ते बढाईपुरते. तिला नेमके काय हवे होते, सुख की पैसा, की पुरुषांच्या दुबळ्या हृदयांवरची सत्ता, हे विचारण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. बेणारेचा देह शेवटी तिचा स्वतःचा प्रश्न होतो. रिबेकाचा देह अखेरपर्यंत इतरांचे उत्तर राहतो.

६

‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’ने उचललेला प्रश्न त्याच्या अपयशाने संपला नाही. जुस्तीन त्रिए यांच्या ‘अ‍ॅनॅटमी ऑफ अ फॉल’ (२०२३) या फ्रेंच चित्रपटात पतीच्या मृत्यूबद्दल खटल्याला सामोरी जाणारी लेखिका आहे. तिची लैंगिकता, तिचे विवाहबाह्य संबंध, पतीशी झालेल्या भांडणाचे ध्वनिमुद्रण हे सारे न्यायालयात उलगडले जाते. तीही निर्दोष सुटते. मात्र सुटकेनंतर कोणतीही कबुली नाही, कोणतीही गोळी नाही. तिने खून केला की नाही याचे ओझे प्रेक्षकाने घरी न्यायचे असते. एडेल यांच्या चित्रपटाने नेमके हेच ओझे आपल्या खांद्यावरून काढून घेतले होते. ‘लास्ट एक्झिट टू ब्रुकलिन’ (१९८९) सारख्या चित्रपटात देहाची बाजारातली दैना इतक्या निर्भयपणे पाहणारा हा दिग्दर्शक चार वर्षांनी न्यायालयात आला आणि घाबरला, असे म्हणावेसे वाटते.

एकूण मूल्यमापन करताना दोन टोके टाळायला हवीत. हा चित्रपट उपहासाखेरीज कशालाच पात्र नाही, हे एक टोक. आणि उपेक्षित कृतीत दडलेले बंड शोधून काढण्याचा अलीकडचा उत्साह, हे दुसरे. यात बंड नाही. छायाचित्रण, काही सहायक भूमिका आणि उलटतपासण्यांची बांधणी एवढे त्याचे खरे बळ. खटल्याच्या तर्कातील दुभंग, शृंगारदृश्यांची निष्क्रियता आणि निकाल फिरवणारा शेवट या त्याच्या उणिवा. पहिल्या दोन कसबाच्या आहेत. अधिक दक्ष लेखनाने त्या दूर झाल्या असत्या. तिसरी दूर झाली नसती, कारण ती केवळ या चित्रपटाची नाही. एखाद्या स्त्रीविषयी पुरावा अपुरा आहे, हे ऐकून घेण्याची आणि तेवढ्यावर थांबण्याची तयारी प्रेक्षकात नाही, असे या चित्रपटाने गृहीत धरले. तो चित्रपट आपल्याला नापसंत पडला म्हणून ते गृहीतक खोटे ठरत नाही. रिबेका दोषी निघाली तेव्हा आपल्याला हायसे वाटले की नाही, यावर ते अवलंबून आहे.